धूर नाही, धुरी

अन्याय झाला तो सात वर्षांच्या एका मुलीवर आणि तिच्या आईवर. जर्मन-जपानची लढाई संपली त्या सालच्या थंडीत, संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, मुलींच्या शाळेची दुसरी घंटा होऊन हजेरी संपायच्या आत. मी तिथंच होते. मी तिथली धाकटी मास्तरीण, खडूची पेटी हातात धरून भिंतीला टेकून उभी होते आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. म्हणून हे लिहिणं.

निजामाचं राज्य, म्हणून जालन्यातल्या आमच्या शाळेत हजेरीला 'हाजिर' म्हणायचा शिरस्ता. पोरी घरी मराठी बोलायच्या, हजेरीला उर्दू, पाढ्यांना पुन्हा मराठी. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या सकाळी त्या सात वर्षांच्या मुलीचं नाव पुकारलं. ही उठून उभी राहिली, तोंड उघडलं आणि छातीतून नुसती शिट्टी आली. बारीक, लांबलेली, पुंगीतली हवा संपत आल्यासारखी. मोठ्या बाईंनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. पुन्हा शिट्टी. पोरी हसल्या. हिनं हात वर केला, बोटं हलवली, 'हा' कसाबसा निघाला, पण 'जिर' काही निघेना. मोठ्या बाईंनी टाक दौतीत बुडवला आणि समोर उभ्या असलेल्या मुलीच्या नावापुढं गैरहाजिरीची खूण केली.

आई दाराबाहेरच होती. पोरीला धाप लागते म्हणून तिनं तिला कुंडलिका नदीच्या काठच्या वस्तीपासून शाळेपर्यंत कडेवर आणलं होतं, आणि तिला स्वतःला सातवा महिना. मोठ्या बाईंनी तिला आत बोलावून सांगितलं की हे दुखणं लागट असतं, बाकीच्या मुलींना लागेल, बरी होईपर्यंत पोर घरी ठेवा. एवढं बोलून झाल्यावर मात्र त्यांना जरा कळवळा आला असावा. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "हिच्या वेळेला बाळंतपणात काय खाल्लं होतंस गं?"

आईनं जमिनीकडं पाहिलं. "दही."

"किती?"

"दोन बोटं. बारशाच्या दिवशी."

मोठ्या बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं गणित सुटलं आणि आता पाटी पुसायची तेवढी राहिली. सात वर्षं शिट्टी वाजवणाऱ्या छातीचा हिशेब दोन बोटं दह्यावर लागला होता.

मुलीच्या आईची सासू जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. तिच्या आवाजापुढं जिनिंगचा भोंगा लाजायचा. दह्याची गोष्ट तिला सात वर्षांपासून ठाऊक होती, आता शाळेनंही शिक्का मारला म्हटल्यावर तिनं त्याच दिवशी वस्तीभर जाहीर केलं. ह्या बाळंतपणात पथ्य मोडू देणार नाही. दार बंद, झरोका बंद, सव्वा महिना पुरा. आणि एवढं करूनही दुसरं पोर वाजकं निघालं, तर सून माहेरी जाईल ती कायमची. लेकाला दुसरी बघायला आपले पाय अजून धड आहेत. छाती वाजणाऱ्या पोराला आमच्याकडं 'वाजकं' म्हणायचे, फुटक्या भांड्याला म्हणावं तसं.

माझं शिक्षण म्हणाल तर निम्मं शाळेत झालं आणि निम्मं मामांच्या छापखान्यात. मामा लग्नपत्रिका छापत, दुकानदारांची पावतीपुस्तकं छापत, आणि अधूनमधून अशी पत्रकं छापत ज्यांच्याबद्दल घरात विचारायचं नसे. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांचे टाइप धुतले आहेत. मामांचा नियम होता: पहिल्या ओळीत सांग कोणावर अन्याय झाला आणि केव्हा, शेवटच्या ओळीत सांग वाचणाऱ्यानं उठून काय करायचं, मधला मजकूर चांगला असला तर बरंच. त्या दुपारी मी रागाच्या भरात पत्रक लिहून त्यांच्यापुढं टाकलं. मथळा होता, 'गुन्हेगार कोण? जिनिंगचं धुराडं!'

मामांनी वाचलं. कानावरची पेन्सिल काढली, उद्गारचिन्ह खोडलं.

"तुला कसं कळलं धुराडं आहे म्हणून?"

"दिसतंय की."

"कोणाला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

त्यांनी फळीवरची एक कोरी वही काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "मंग टाइप जुळवायला मी रिकामा न्हाई. आधी विचारून ये."

वीस वर्षांच्या चिडलेल्या मुलीला कोरी वही देऊ नये. मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर वस्तीत शिरले. प्रत्येक पान मधोमध दुमडलं, उजवीकडं दम्याची पोरं, डावीकडं बिनदम्याची. दर पोरामागं विचारायचं की जन्मल्यावर पहिला सव्वा महिना ते कुठं होतं, खोलीत धूर होता का, उशी कशाची होती, बापाच्या तोंडात बिडी की चिलीम. मला वाटलं, आठवड्यात गुन्हेगार पकडते.

तीन दिवसांनी उजवी बाजू पूर्ण कोरी होती. वस्तीत एकाही पोराला दमा नव्हता. मी उंबऱ्यात उभी राहून विचारत होते, आत पोरगं शिट्टी वाजवत होतं, आणि त्याची आई सांगत होती, "दमा? न्हाई बा. बिलकुल न्हाई." शेवटी एका म्हातारीनं मला बाजूला ओढून शहाणं केलं. दमा म्हाताऱ्यांना होतो. पोरीला दमा आहे असं तू वहीत लिहिशील, ती वही कोणाच्या तरी हाती लागेल, मग तिचं लगीन कोण करील, तू? मी विचारलं, मग काय विचारू? ती म्हणाली, "छाती वाजते का, विचार. वाजायला काय, कोणाचीबी वाजती."

तेव्हापासून मी 'छाती वाजते का' विचारू लागले आणि उजवी बाजू धडाधड भरली. बाया अगदी हौसेनं सांगायच्या. आमच्याचा पावा वाजतो. आमच्याचं रात्री मांजर गुरगुरतं. एकीनं तर पोराला मांडीवर घेऊन ऐकवलंच.

माझीही चौकशी व्हायचीच. लगीन झालं का, का न्हाई झालं, मंग बाळंतिणीच्या खोलीचं तुला काय करायचंय, आधीच सगळं शिकून ठेवून राह्यली का? मी पहिल्या दिवशी लाजले, दुसऱ्या दिवशी रागावले, तिसऱ्या दिवसापासून म्हणू लागले की हो, ठेवते शिकून, सांगा. मग मात्र सगळं सांगितलं, नको तेही.

पण धुराचं काही जमेना. "बाळंतिणीच्या खोलीत धूर असायचा का?" या प्रश्नाला सगळ्या घरांत एकच उत्तर: न्हाई. खोलीत धूर कसा होईल, चूल तर बाहेरच्या पडवीत. काहींना माझ्या प्रश्नाचा रागच आला. आम्ही काय बाळंतिणीला धुरात ठेवतो, असे हलके समजली का? वाजक्यांच्या घरी धूर नाही, न वाजणाऱ्यांच्या घरीही नाही. मी इमानदारीनं तसं लिहून घेत गेले आणि आतून खचत गेले.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी वस्तीत हळदीकुंकू होतं. वाण म्हणून प्रत्येकीला मूठभर हरभऱ्याची घाटं. बाया जमल्याच आहेत तर मास्तरीणबाईंनी वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवावं, असा आग्रह झाला. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला चार लोक ऐकायला बसलेले दिसले की त्याचं डोकं फिरतं. मी उभी राहिले आणि वाचलं. छाती वाजणारी पोरं इतकी घरं, न वाजणारी इतकी. बाळंतिणीच्या खोलीत धूर, कुठंच नाही.

सासूबाई पुढंच बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "ऐकलं ना? शिकलेली पोर हाय, घरोघर जाऊन पाहून आली. धूर न्हाई म्हंती. मंग राह्यलं काय? दही."

त्यांची सून कोपऱ्यात बसली होती. तिनं ओटीतली घाटं मोजल्यासारखी केली. मी तिच्या बाजूनं लढायला निघाले होते, आणि माझ्याच वहीनं तिच्यावर दुसरा शिक्का मारला होता. मला बसताही येईना, उभंही राहवेना.

सासूबाई अजून बोलतच होत्या. "ह्या टायमाला मी सोताच करते सगळं. झरोका चिखलानं लिंपून घेते. अन् धुरी दोन टायमाला. मागल्या बारीला एकच दिली, कमी पडली."

"काय कमी पडली?" मी विचारलं.

"धुरी गं."

"धुरी म्हणजे?"

सगळ्या जणी हसल्या. माझ्या शेजारी वस्तीची सुईण बसली होती. तिनं त्या वस्तीतली निम्मी पोरं आपल्या हातांत घेतलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. ती घाटं सोलता सोलता मला सांगू लागली, लहान मुलीला सांगावं तसं. पोराला तेल लावून न्हाऊ घातलं की खापरात गवऱ्यांचा विस्तू घ्यायचा. त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालपटं. पोराला वर धरायचं, पोटावर, पाठीवर, आणि दोघांवरून गोधडी घ्यायची, म्हणजे वाया जात न्हाई. उरलेला विस्तू बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवायचा.

"मावशी, गोधडीच्या आत काय होतं मग?"

"काय होतंय? डोळ्यांतून पाणी येतं, पोरगं ठसकतं, कफ मोकळा होतो."

"म्हणजे धूर होतो."

मावशीनं सोलायचं थांबवलं. "धूर न्हाई बाई. धुरी. धूर चुलीचा असतो."

मी वही मिटली. दोन आठवडे मी एका वेलांटीच्या पलीकडं उभी राहून सवाल करत होते.

दुसऱ्या फेरीत मी धुरी विचारली, आणि सगळ्या घरांनी 'हो' म्हटलं. सगळ्या. वाजक्यांच्याही आणि न वाजणाऱ्यांच्याही. मी पुन्हा तिथंच. मामांकडं वही आपटली आणि म्हणाले, आता सांगा. मामा जुळवलेल्या ओळीवरून बोट फिरवत होते. म्हणाले, सगळ्या घरात मीठ असतं, तरी एकाची भाजी खारट होते. किती घातलं ते विचार.

तिसऱ्या फेरीत मी किती दिवस, किती वेळा, दार-झरोका उघडा की बंद, हे विचारलं. बाया आता मला पाहून दार लावून घ्यायच्या बेतात होत्या. पण घरं वेगळी व्हायला लागली. काही बाया दहाव्या-बाराव्या दिवशीच कामावर गेल्या होत्या, त्यांची धुरी तिथंच संपली. पोरं लिंबाखाली झोळीत वाढली. काहींनी सव्वा महिना पुरा केला, झरोका लिंपून. आणि एक नवीनच गोष्ट निघाली. जिनिंगच्या फरशीवरची झाडलेली रुई फुकट मिळायची, ती तान्ह्याच्या उशीत भरायची पद्धत. मी एक उशी उसवून पाहिली. रुई कमी, काळी भुकटी जास्त. नुसती झटकली तर मला दहा शिंका आल्या. तान्हं पोर महिनोन् महिने नाक खुपसून त्यावर निजायचं. बंद खोलीवाली आणि त्या उशीवाली पोरं उजवीकडं वाढत गेली.

सगळीच नव्हे. एका घरात पाच पोरं, पाचही सव्वा महिना धुरीत शेकलेली, आणि एकाचीही छाती वाजत नव्हती. धडधाकट, उलट मलाच चिडवणारी. ते घर मला वहीतून खोडून टाकावंसं वाटलं. मामांनी खोडू दिलं नाही. म्हणाले, हे घर ठेवलंस तरच बाकीची घरं खरी. मला ते त्या दिवशी पटलं नाही, पण पान त्यांनी धरून ठेवलं होतं.

मधेच मी वडीगोद्रीला गेले. तिथं माझी सख्खी मावशी दिलेली. सर्व्हिस मोटार निघेल तेव्हा निघाली, आणि मी वाटेत मनात दुसरं पत्रक तयार केलं, 'गोठ्यातली गुलामी'. कारण मला ठाऊक होतं की मावशीच्या गावात बाळंतिणीची बाज गोठ्याच्या शेजारी, तान्ही पोरं म्हशींच्या श्वासात, शेणात, गोमाशांत. तिथली पोरं तर सगळीच वाजत असणार.

मी तीन दिवस पोरं पकडून त्यांच्या छातीला कान लावला. त्यांना गुदगुल्या व्हायच्या. हसू ऐकू यायचं, शिट्टी जवळजवळ नाहीच. एकदोन वाजत होती, पण ती शोधावी लागली. मी मावशीला विचारलं, सव्वा महिना खोलीत ठेवत नाहीत का?

"सुगीत कोण निजू देतं सव्वा महिना? दहाव्या दिवशी शेतात."

"आणि धुरी?"

"देतो की. पाचवीपर्यंत, अंगणात."

"घरात का नाही?"

मावशीनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "घरात दिली तर म्हशी खोकतात."

मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हशी खोकतात म्हणून वडीगोद्रीत धुरी अंगणात गेली होती. जालन्यात आमच्याकडं म्हशी नव्हत्या, नुसती पोरं होती.

दह्याचंही विचारलं. मावशी हसायलाच लागली. ज्या घरात म्हैस आहे तिथं बाळंतीण दही सोडून काय खाईल? मी परत येऊन वस्तीची पानं त्या नजरेनं चाळली. चोरून दही खाल्लेल्या बाया वस्तीतही होत्याच, त्यांनी मला कानात सांगितलं होतं. त्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या होत्या. त्यातल्या एकीची पोरगी तर आमच्या शाळेत सगळ्यांत मोठ्या आवाजात पाढे म्हणायची.

आता मामांनी टाइप जुळवले. पत्रकाचा मथळा 'झरोका उघडा'. वस्तीत त्याचा उपयोग शून्य झाला, कारण तिथं वाचतं कोण? पण ते चावडीवर पोचलं आणि अमीनसाहेबांनी, म्हणजे निजामाच्या फौजदारांनी, मामांना बोलावणं धाडलं. मीही गेले, पत्रक माझं होतं. अमीनसाहेबांनी कागद उजेडाकडं धरला आणि विचारलं की हा झरोका म्हणजे नेमका कोण, आणि तो उघडायचा म्हणजे सरकारच्या विरोधात काय करायचं. मामांनी बाळंतपण, बाज, विस्तू, गोधडी असं सगळं क्रमानं, टोपी हातात घेऊन सांगितलं. मी मधे मधे दुरुस्त्या करत होते. साहेब ऐकता ऐकता गंभीर झाले. शेवटी त्यांनी कारकुनाला बाहेर घालवलं आणि हळू आवाजात विचारलं, हे उर्दूत आहे का? घरी द्यायला पाहिजे. मामांनी आठवड्यात दिलं. माझ्या लिखाणाला मिळालेला तो पहिला वाचक, आणि मी त्याच्यावर चिडायला गेले होते.

चैत्र लागला. त्या बाईचे दिवस भरत आले. सासूबाईंनी झरोका लिंपायला चिखल मळून ठेवला होता. मी गेले तेव्हा तो दारात ओला होता. मी वही उघडून बसले. वडीगोद्री सांगितली, म्हशी सांगितल्या, दही खाल्लेल्या आईची पाढे म्हणणारी पोरगी सांगितली. सून आतून ऐकत होती. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हे मला नवीन होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुझ्या वहीत माझी सून हाय?"

"आहे, काकी."

"मी हाय?"

त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

"सहा झाली मला. सहांना धुरी दिली, माझ्या सासूनं. दोन राह्यली. त्या दोघांत एक हा." त्यांनी अंगणात पाणी भरत असलेल्या लेकाकडं हनुवटी केली. "आता न्हाई दिली धुरी, अन् पोराचं काही झालं, तर तू येशील का गं सांगायला, की वहीत असं लिवलं होतं म्हणून?"

त्या बाईला मी इतके दिवस गुन्हेगार नंबर दोन धरून चालले होते. ती भीत होती. चार पोरं गेलेली बाई आणखी कसल्या भाषेत भिणार होती?

सुईणमावशी बाजेच्या दोऱ्या आवळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "धुरी कशाला देतात, वहिनी?"

"वारं लागू नाही म्हणून. नजर लागू नाही म्हणून."

"वारं कुठून येतं?"

"दारातून येतं."

"नजर?"

"तीबी दारातूनच."

"मंग धुरी दाराला द्या की बराबर. पोराला कशाला? पोर मागल्या बाजूला राहील झरोक्यापाशी. तुम्ही उंबऱ्यात बसा, खापर पुढं घ्या, अन् दोन टायमाला द्या, चार टायमाला द्या. काय आत येतंय बघू."

सासूबाईंनी दाराकडं पाहिलं, झरोक्याकडं पाहिलं. मग उठल्या आणि तो मळलेला चिखल उचलून चुलीच्या फुटलेल्या कडेला लावायला घेतला.

माझी तीन फेऱ्यांची वही मांडीवर तशीच उघडी होती. बाहेर आल्यावर मी मावशीला जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले की हे आधीच सांगितलं असतं तर. ती म्हणाली, "तुझ्या म्हशी ऐकल्याशिवाय मला तरी कुठून सुचलं असतं?" थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "किती पोरं धरली मी विस्तवावर, याच हातांनी."

मुलगी झाली. झरोका उघडा, उशी नाही, जुन्या लुगड्याची मऊ घडी डोक्याखाली. मी तिसऱ्या दिवशी पाहायला गेले, तेव्हा सासूबाई उंबऱ्यात मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात खापर, आणि हातानं ओवा टाकत होत्या. एरवी गोधडीखाली पोर असायचं, या खेपेला धुरीच्या तोंडावर त्या स्वतः होत्या. डोळे लाल, नाकातून पाणी, पदरानं तोंड पुसताहेत आणि ठसकताहेत. मला पाहून त्या सरकल्या आणि म्हणाल्या, "तिकडून ये गं. इथं लई धूर झालाय."

मी आत गेले. बाळंतिणीनं ते ऐकलं होतं. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती, आवाज होऊ न देता.

त्याला आता दोन थंड्या गेल्या. धाकटीची छाती वाजली नाही. सासूबाई रोज सकाळी आधी कान लावून ऐकतात आणि मग चहा पितात. पुढं कधी वाजणार नाही असं मी लिहून देत नाही. पाच पोरांचं ते घर अजून माझ्या वहीत आहे. सून माहेरी गेली ती राखीपौर्णिमेला, आणि चार दिवसांत परत आली. थोरलीची छाती माघात अजून वाजते. झालेलं मागं नेता येत नाही. मोठ्या बाई तिला अजून घेत नाहीत, लागट म्हणतात. मी ती शाळा सोडली. वस्तीत लिंबाखाली सकाळी वर्ग घेते, आणि माझ्या हजेरीत हात वर केला की मुलगी हाजिर.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. मागच्या महिन्यात मी त्या आईला विचारलं, आता तरी दही खातेस ना? सगळी वही तिच्यासमोर वाचली होती. सासूबाईंनीही ते नाव काढायचं सोडलं होतं. ती धाकटीला थोपटत म्हणाली, "नको बाई. आता कशाला." तिच्या मनात अजून ती दोन बोटंच आहेत.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमच्या घरी, शेजारी, आळीत कुठंतरी या घडीला एक बाळंतीण बंद खोलीत निजलेली आहे. हा कागद खाली ठेवा आणि उठा. झरोक्याचं लिंपण फोडा, खापर उंबऱ्याबाहेर न्या, तान्ह्याच्या डोक्याखालची ती उशी काढा. आणि मग एक वाडगाभर दही घेऊन आत जा, तिच्यासमोर ठेवा, आणि ती खाईपर्यंत तिथून हलू नका.